एक नंबरचे दोन एजंट

मुलाखतीच्या आधीचे पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी चाळीतल्या आमच्या खोलीत एका भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यापुढे बसत होते. पुठ्ठा साडीच्या खोक्याचा होता. बाबांनी दाभणाने त्याला ओळीने भोकं पाडून दिली होती आणि गिरणीतून तुटक्या रंगीत सुताची गुंडी आणली होती. तीच माझी तार.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मुंबईत कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, एका औषध कंपनीच्या कचेरीत कार्डांना भोकं पाडायच्या कामावर होते. प्रत्येक विक्रीचं एक कार्ड असायचं. शाखेचा नंबर, एजंटाचा नंबर, किती खोकी गेली, हे सगळं त्यावर भोकांच्या रूपात. अशी हजारो कार्डं एका मोठ्या मशीनमधून जायची आणि मशीन बेरजा छापून द्यायचं. पण काय मिळवायचं, कुठे थांबून बेरीज छापायची, हे मशीनला आपणहून कळत नसे. त्यासाठी एक बोर्ड असायचा, शेकडो भोकांचा. एका भोकातून दुसऱ्या भोकात तारा खोचून ते सांगावं लागे. आता ज्याला प्रोग्राम म्हणतात तो आम्ही असा हाताने ओवत होतो.

कचेरीतल्या त्या मशीनच्या खोलीच्या मुख्याची जागा रिकामी झाली आणि नोटीस लागली. अर्ज दोघांचेच आले. एक माझा आणि एक काकांचा.

काका म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने ऑपरेटर. गिरगावात राहायचे, पांढरंशुभ्र धोतर आणि कोट, बोलणं पुण्याच्या माणसासारखं स्वच्छ. बारा वर्षं ते बोर्ड लावत होते. मला जे काही येत होतं ते त्यांनीच जेवणाच्या सुट्टीत शिकवलेलं. मी अर्ज भरला हे मी भीतभीतच त्यांना सांगितलं. ते डबा बंद करत म्हणाले, "दोघांतून एकालाच मिळणार. पण शिकवायचं ते मी शिकवीनच. तू विचारत जा."

मी विचारत गेले. मशीनचं पुस्तक घरी न्यायला परवानगी नव्हती, म्हणून सुट्टीत त्यातल्या आकृत्या वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी पुठ्ठ्यावर सूत ओवून बघायचे. इंग्रजीची धास्ती वेगळीच. मोरीत भांडी घासताना मी इंग्रजीत उत्तरं पुटपुटायचे. आई गावी असायची, त्यामुळे ऐकणारे फक्त बाबा. ते गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नव्हता, पण आकडे मात्र पक्के.

मुलाखत मंगळवारी होती. रविवारी दुपारी मी कागदाच्या चिठ्ठ्यांची कार्डं केली आणि बाबांना एकेक वाचायला सांगितलं. मी मशीन झाले. काकांनी शिकवलेली तार अशी होती: एजंटाचा नंबर बदलला की मशीनने थांबायचं, बेरीज छापायची, पुन्हा शून्यापासून सुरू करायचं. बाबा वाचत होते, मी मिळवत होते. मुंबई शाखेच्या चिठ्ठ्या संपल्या, पुण्याच्या सुरू झाल्या. मी चिठ्ठ्या करायचा कंटाळा केला होता आणि मुंबईला एकच एजंट ठेवला होता.

बाबा थांबले. "ह्यो मुंबयचो एक नंबर आणि ह्यो पुण्याचो एक नंबर. दोघे येकच माणूस काय गो?"

"नाही बाबा. शाखा वेगळ्या."

"आमच्याकडे पण दर खात्यात एक नंबरचो साचो आसता," ते म्हणाले. "मग तुझ्या मशीनीक कळतला कसां?"

मी सुताकडे बघत राहिले. मशीनला कळणारच नव्हतं. एकानंतर एकच आला, म्हणजे त्याच्या लेखी काही बदललं नाही. ते दोघांची खोकी एकत्र करून एकाच माणसाच्या नावावर टाकणार. एजंटाच्या नंबराबरोबर शाखेचा नंबरही ताडून बघायला हवा होता. आणखी दोनच तारा. एरवी शाखेचा शेवटचा एजंट बारा किंवा वीस नंबरचा असतो आणि पुढची शाखा एकपासून सुरू होते, म्हणून ही चूक दिसत नाही. एकच एजंट असलेली छोटी शाखा मध्ये आली की मात्र गफलत.

आधी आनंद झाला. मग मनात एक विचार आला आणि तो काही जाईना. बारा वर्षं बोर्ड लावणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल? की ठाऊक असूनच त्यांनी मला अर्धवट शिकवलं?

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या टेबलाशी आले. "काही अडलंय का? उद्या वेळ मिळणार नाही."

मी म्हणाले, "नाही काका. सगळं झालंय."

"नक्की?"

"हो."

ते गेले. मी डब्यातली भाकरी तशीच परत नेली.

मंगळवारी सकाळी लालबागला ट्राम आलीच नाही. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. आदल्या संध्याकाळी मोर्चा आणि पोलिसांची झटापट झाली होती, रस्त्यावर विटांचे तुकडे पसरलेले होते, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. बाबा पहिल्या पाळीला निघालेले, ते परत वर आले आणि डबा ठेवला. "चल," म्हणाले. त्यांनी खाडा केला. चिंचपोकळी, भायखळा, पुढे थेट कोटापर्यंत आम्ही चालत गेलो. भायखळ्याला एका पोलिसाने अडवून कुठे चाललात विचारलं. मी मुलाखतीचं पत्र दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि सोडलं. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते आणि जुळवलेली विसरत होते.

मी पोचले तेव्हा काका आत होते. बाबा बाहेर फूटपाथवर थांबले, मी बाकावर बसले. पावणेदोन तास चालून पायांची आग होत होती. साडीच्या काठाला धूळ लागली होती, ती झटकली तर हात काळे झाले.

दार उघडून काका बाहेर आले. चेहरा मोकळा, खुशीत. मला बघून वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. आपण रोज करतो तेच विचारलंय. शाखा, एजंट, बेरीज. मी आपलं नेहमीचं लावलं. तूही तेच लाव."

मला तेव्हा कळलं. त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना ते माहीतच नव्हतं. ते अजूनही मला मदतच करत होते. मी काही बोलणार इतक्यात शिपायाने मला आत बोलावलं.

आत तिघे होते. कंपनीचे मॅनेजर, हिशेब खात्याचे प्रमुख आणि मशीनचे एक इंजिनियर. इंजिनियरने कागद पुढे सरकवला. दहा कार्डांची यादी होती. पहिल्या शाखेत एकच एजंट, नंबर एक. दुसरी शाखा पुन्हा एकपासून. मी तारांची आकृती काढली, शाखेच्या दोन तारांसकट.

"ह्या कशाला?" इंजिनियरने विचारलं.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, दोघांचा नंबर एक असला तरी माणसं दोन आहेत. त्यांनी मॅनेजरकडे बघितलं आणि कागद स्वतःकडे ओढून घेतला.

मॅनेजर म्हणाले, "खोलीत सगळे पुरुष आहेत. तुमचं ऐकतील?"

"काम बरोबर असेल तर ऐकतील," मी म्हणाले.

"आणि हे हरताळ? हरताळाच्या दिवशी तुम्ही येणार का?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. बाहेर बाबा उभे होते. मी म्हणाले, "माझे वडील गिरणीत आहेत. हरताळाला ते जाणार नाहीत आणि मीही येणार नाही. आदल्या आणि दुसऱ्या दिवशी जास्त थांबून काम पुरं करीन." मॅनेजरनी मला जायला सांगितलं. जागा गेली असं मी धरून चालले.

परतताना मी बाबांना सगळं सांगितलं, सोमवारचंही. ते म्हणाले, "तेका सोमवारीच सांगूक होया होता."

आठ दिवसांनी पत्र आलं. जागा मला मिळाली. काकांनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं, पेढे आणायला माणूस पाठवला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मशीनपाशी नेलं आणि ती चूक सांगितली. त्यांना खरं वाटेना. त्यांनी स्वतः दहा कार्डं तयार केली, नेहमीचा बोर्ड लावला, मशीन सुरू केलं. छापून आलेल्या कागदावर दोन एजंटांची मिळून एकच बेरीज होती. तो कागद हातात धरून ते उभे राहिले.

"तुला कधी कळलं?"

"रविवारी."

"म्हणजे सोमवारी मी विचारलं तेव्हा..."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

मी खरं ते सांगितलं. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम चुकीचं शिकवलंत."

कागदाची घडी घालून त्यांनी कोटाच्या खिशात ठेवली आणि जागेवर जाऊन बसले. त्या दुपारपासून ते मला 'तुम्ही' म्हणू लागले. खोलीतल्यांना वाटलं, हुद्द्याचा मान. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या तोंडून मला पुन्हा 'तू' ऐकू आलं नाही. माझं एकही काम त्यांनी अडवलं नाही, की माझ्याबद्दल मागे कधी वाकडा शब्दही काढला नाही.

महिनाभराने मी जुने कागद बाहेर काढायला सांगितलं. अशा छोट्या शाखा तीन निघाल्या, आणि तिन्ही ठिकाणी दोन माणसांचं काम एकाच्या नावावर गेलेलं. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या मी लिहिणार होते. काकांनी त्या मागून घेतल्या, आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिल्या आणि सहीसाठी माझ्यापुढे आणून ठेवल्या.

"एकदा बघून घ्या," ते म्हणाले.

मी तिन्ही चिठ्ठ्या पहिल्यापासून वाचल्या आणि सह्या केल्या.