सबाच्या लेकीची नोंद

निर्मळहून फोन आला तेव्हा मी फुलपाड्याच्या घरी पोळ्या लाटत होते. मधूमामा गेले. सकाळी तबेल्यात खरारा करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत... फोन ठेवला आणि पहिला विचार काय आला असेल? आता मामांच्या नजरेला नजर द्यावी लागणार नाही, हा. सुटल्यासारखं वाटलं, मग स्वतःची लाज वाटली आणि त्यानंतर रडू आलं. याला महिना झाला. माझ्या हातून काय घडलं ते आज लिहूनच टाकते.

मामांची केळीची आणि फुलांची वाडी होती, पण जीव घोड्यांत. आजोबांनी मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडून गलबतातून आलेली अस्सल अरबी घोडी घेतली होती. तिची लेक, त्या लेकीची लेक, असं करत सबा ही त्या वंशातली शेवटची. करडा रंग, रुंद कपाळ, नाकाडापाशी निमुळती होत गेलेली, आणि धावताना शेपूट अशी वर की बघत राहावं. आजोबांपासून चालत आलेल्या वहीत प्रत्येक शिंगराची आई, बाप, आजा, पणजा लिहिलेला असे. मी शाळामास्तरीण, अक्षर बरं, म्हणून नोंदी माझ्याकडे. त्या बाबतीत मामा भलतेच खडूस. एकदा एका घोड्याच्या आजीचं नाव मी अंदाजाने ठोकून दिलं, तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि सबा सोळा वर्षांची झाली होती. चार वर्षं शोधून मामांना पुण्याकडे एक शुद्ध अरबी घोडा सापडला. सबाला ट्रकने नेलं, घोडा लावून परत आणलं. दुसऱ्या दिवशी मामा आगाशीला चणे आणायला गेले. जाताना मला म्हणाले, "अजून माजावर हाय ती. फाटकाला अडसर घाल, इसरू नको."

सोनचाफ्याची टोपली कमरेवर होती, हात मोकळा नव्हता. अडसर मागाहून घालू म्हटलं आणि टोपली ठेवायला घरात गेले. देवळात आलेल्या पाहुण्यांचा टांगा तळ्याशी उभा होता, घोडा चरायला सोडलेला. टापा ऐकून बाहेर धावले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आगाशीचे टांगेवाले जानूदादा घोड्याला ओढत होते.

"ताई, मालकांना नका सांगू. माजं पोट हाय याच्यावर."

मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार होते? अडसर घातला आणि गप्प बसले.

घोडी अकरा महिने गाभण असते. ते अकरा महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दर शनिवारी मी निर्मळला गेले की मामा सबाच्या पोटावर हात ठेवून म्हणायचे, "बघ, आजोबांची घोडी परत येते." सांगावं, तर त्यांची आशा मोडेल. न सांगावं, तर माझ्याच अक्षरात खोटा बाप लिहिला जाईल.

मी मुक्कामाला होते, उजाडताना मादी शिंगरू झालं. मामांनी त्याला कोरडं पुसलं, उभं केलं आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "आण वही. लिही, बाप..." माझं पेन उघडंच राहिलं. सगळं सांगून टाकलं.

मामांचा हात शिंगराच्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला. म्हणाले, "अकरा महिने गप ऱ्हायलीस?" मग माझ्या हातातून वही काढून घेतली.

शिंगराचं रक्त तपासायला पाठवलं. उत्तर यायला दोन महिने लागले. बाप पुण्याचा घोडा नव्हता. सबा पुन्हा गाभण राहिली नाही. चार पिढ्या जपलेला वंश माझ्या आळसापायी संपला. मामा मला कधी टाकून बोलले नाहीत. शनिवारी चहा व्हायचा, केळीच्या घडांवर बोलणं व्हायचं, पण वही माझ्यासमोर पुन्हा आली नाही. त्या शिंगराला ते चिमी म्हणत, सबाच्याच बादलीतून चंदी देत. मी मात्र तबेल्याकडे जायचं टाळायचे. इतकी वर्षं टाळलं.

बाराव्याला मामींनी वही माझ्या हातात दिली. "तुजंच काम हाय ते. तुजकडं ऱ्हाऊ दे." घरी आणली तरी आठ दिवस कपाटात ठेवली होती, उघडायचा धीर होईना. शेवटी उघडली. चिमीच्या पानावर मामांचं वाकडंतिकडं अक्षर होतं. आई, सबा. बाप, सरदार, आगाशीचा टांग्याचा घोडा. सरदारची आई राणी, तीही टांग्याचीच. राणीची आई नालासोपाऱ्याहून आणलेली, नाव आठवत नाही. म्हणजे ते मुद्दाम आगाशीला जाऊन जानूदादांना विचारून आले होते.

त्याखाली शेरा होता : 'भाचीच्या चुकीने.' आणि त्यावर आडवी रेघ, एकदा नाही, चार-पाचदा, कागद फाटेपर्यंत. आजोबांपासूनच्या साऱ्या वहीत तेवढीच एक खाडाखोड आहे. खाली नव्याने लिहिलंय, 'पाय सरळ. स्वभाव शांत. चांगली घोडी.'