साडूंचा राग आणि मागचा दरवाजा

पद्धतशीरपणे कसे रागवावे, हे ज्याला शिकायचे असेल त्याने मोशीला येऊन आमच्या साडूंना पाहावे. शिक्षक या नात्याने मीही पस्तीस वर्षे रागावलो. परंतु माझा राग तासाची घंटा झाली की संपत असे. साडूंच्या रागाला बारमाही पाणी होते. महाळुंग्याच्या एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये त्यांची हयात गेली, त्यामुळे माणूस भेटला की ते आधी त्याच्या गाडीचा रंग पाहत. भाचीच्या लग्नात वरात दारात आली असता, फुलांनी सजवलेल्या गाडीवरून बोट फिरवून त्यांनी व्याह्यांना ऐकवले, "बॉनेटचा रंग वघळलाय. पोरगं तरी नीट तपासलंय का?" कोरड्या फडक्याने, रंगावर ओरखडे पाडत गाडी पुसणारा दिसला तर ते बसमधून उतरून त्याला झापत आणि पुढची बस पकडत.

चार वर्षांपूर्वी पुतण्याच्या आग्रहाने मी माझ्या लाल गाडीवर विनाइलचे करडे आवरण, म्हणजे ज्याला आता सर्वजण 'रॅप' म्हणतात ते, चढवून घेतले. साडू आले, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मास्तर, चार थरांच्या रंगाला तुमी पिशवी घातली व्हय?" त्या दिवसापासून त्यांनी त्या गाडीत पाऊल ठेवले नाही. एका बारशाला आम्ही आळंदीला निघालो तेव्हा त्यांच्या पत्नी आमच्यासोबत गाडीत बसल्या आणि हे मागून बसने, उभे राहून आले. वाटेत दोन्ही वाहने शेजारी थांबली. मी हात केला. त्यांनी मान अशी फिरवली की बसमधले निम्मे प्रवासी वाकून माझ्याकडे पाहू लागले.

यंदा गाडीला पंधरा वर्षे झाली आणि ती पासिंगला न्यावी लागली. नोंदणीपत्रात लाल आणि समोर करडी! निरीक्षकांनी सांगितले, "सोमवारी मूळ रंगात आणा." शनिवारी सकाळी, गारठ्यात, मी स्वतःच नखाने रॅप काढायला बसलो. दोन तासांत पोस्टाच्या तिकिटाएवढे तुकडे तेवढे हाती आले. अखेरीस अभिमान गिळून मी तशीच गाडी साडूंच्या घरामागच्या शेडपाशी नेली.

"नखानं? पोरांच्या वह्यांची कव्हरं काढताय का?" ते गरजले, पण गरम हवेचा झोत सोडणारी हीट गन घेऊन बाहेर आले.

ते काम मात्र पाहण्यासारखे होते. आधी वीतभर अंतरावरून ऊब द्यायची. मग कोपरा सोडवायचा. मग पापुद्रा वर न ओढता, मागे दुमडून, पत्र्याला जवळजवळ टेकवूनच हळूहळू परतवत न्यायचा. प्रत्येक हाताला एक शिवी होती. बॉनेट, छत, तीन दरवाजे, सगळे लालभडक निघाले. डाव्या बाजूच्या मागच्या दरवाजाशी आल्यावर मात्र त्यांनी हीट गन खाली ठेवली.

"ह्यो ऱ्हाऊ द्या."

"आणि सोमवारी निरीक्षकांना काय दाखवू? तीनच दरवाजे?"

"ऱ्हाऊ द्या म्हनलं ना!"

माझाही संयम संपला. मी सकाळी नखाने सोडवलेला कोपरा धरला आणि ओढला. रॅपसोबत तळहाताएवढा रंगही निघून आला. खाली पुट्टी दिसली.

"हा कारखान्यातला रंग नाही," मी म्हणालो.

जगातल्या प्रत्येक रंगाला नावे ठेवणारा तो मनुष्य जमिनीकडे पाहत राहिला. "मीच दिलाय," ते म्हणाले. "पाच वर्षांमागं पोरीसाठी स्थळ बघायला तुमची गाडी नेली व्हती. मागं घेताना दगडी भिंतीला घासली. इथंच शेडात रंगवली. रंग भाजायला भट्टी न्हाई, काय न्हाई. वरून दिसत नव्हतं. तुमी पिशवी चढवली तवाच कळलं, निघताना रंग घिऊनच निघनार."

मी आयुष्यात कोणत्याही विद्यार्थ्यावर ओरडलो नसेन इतका त्यांच्यावर ओरडलो. "गाडी घासली म्हणून मी रागावलो नाही! स्वतःची चूक उघडी पडेल म्हणून चार वर्षे तुम्ही मलाच गुन्हेगार ठरवलेत! भर रस्त्यात माझ्याकडे पाठ फिरवलीत!"

"आख्ख्या गावाच्या रंगाला नावं ठेवतो मी, मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले. "कुठल्या तोंडानं सांगू?"

गाडी तिथेच टाकून मी रागातच घरी आलो आणि त्याच रागात रविवारी सकाळी पुन्हा गेलो, कारण सोमवार कोणासाठी थांबणार नव्हता. त्यांनी दरवाजा घासून ठेवला होता. त्यांनी रंगाचा हात दिला. मी डबा धरून उभा राहिलो. नंतर धूळ बसू नये म्हणून दोन्ही बाजूंना ओल्या चादरी बांधून आम्ही ऊन उतरेपर्यंत त्या दरवाजासमोर खुर्च्या टाकून बसून राहिलो. अवघड होते, पण बसलो.

दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. परंतु मला आठवतो तो रविवारचा शेवटचा अर्धा तास. कुठूनसे एक चिलट आले आणि ओल्या लाल रंगावर नेमके मधोमध चिकटले. मी साडूंकडे पाहिले. एरवी अशा चिलटापायी त्यांनी अख्खा दरवाजा पुन्हा खरवडून काढला असता, आणि मला, इंद्रायणी नदीला व महापालिकेलाही सोडले नसते.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची जरा माझ्याकडे सरकवली.