आंबेमोहराचा फोटो

अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या आमच्या देशी किराणा दुकानातले काका तांदूळ आधी हुंगायला लावत. उघड्या पिशवीतला चिमूटभर आंबेमोहर माझ्या तळहातावर ठेवून म्हणत, "चोळा, मग वास घ्या. घाई काय आहे?" माल जुना असला तर स्वतःच सांगत, "हा नको. वहिनी मला शिव्या देतील."

मी वास घ्यायचो, मान डोलवायचो आणि ते गल्ल्याकडे वळले की पिशवीचा फोटो काढायचो. घरी येऊन तोच तांदूळ ऑनलाइन मागवायचो, कारण तिथे तो दोन डॉलरनी स्वस्त होता. दुकानातून फक्त कोथिंबीर न्यायचो. माझ्यासारखे बरेच असावेत, कारण एके दिवशी दारावर दुकान बंद होत असल्याची पाटी लागली.

त्या शेवटच्या आठवड्यातही मी फोन काढला, तर काका मागेच उभे. रागावले नाहीत. त्यांनी वीस पौंडांची पिशवी उचलून उजेडात माझ्यासमोर धरली.

"नाव नीट येऊ द्या, साहेब. भलताच तांदूळ आला तर तिथे विचारणार कुणाला?"

ओझ्याने त्यांचे हात थरथरत होते. फोटो हलला.

मी दुसरा काढला.