बिमारीचं नाव

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि शुद्धलेखनही कच्चं. शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून चुकल्याची माफी असावी.

आम्ही नाचणगावात राहत होतो. माझे मालक कापडगिरणीत कामाला होते. त्या वर्षी त्यांचं बोलणं, जेवण सुटलं. नागपूरच्या डॉक्टरांनी उदासीवरच्या नव्या, महाग गोळ्या दिल्या. नणंदेने पैसे दिले. गिरणीच्या विम्यातून ते परत मिळतील म्हणून मी पावती घेऊन विम्याच्या दवाखान्यात गेले.

खिडकीतले बाबू म्हणाले, "बिमारीचं नाव सांगा बाई, त्याबिगर पैसे भेटत नाई."

मागे रांगेत मालकांच्याच खात्यातली माणसं उभी होती. खरं नाव कळलं तर यांना कोण मशीनवर उभं राहू देईल?

"ताप," मी म्हणाले.

"तापाच्या गोळ्या इथं फुकट भेटते. नागपूरले काऊन गेले?"

"वयनीले नागपूर पाहाचं असन," मागून कोणी बोललं. सगळे हसले. मी पावती परत घेतली.

नणंद म्हणाली, "पैशाचं मंग पाहजो वयनी. दादाची गोळी चुकू देऊ नको."

मी कापूस वेचायला जाऊ लागले. मालकांची नोकरी टिकली. नणंदेचे सगळे पैसे मी संक्रांतीला फेडले.