बुलढाण्यावरचा कमी दाब

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सोमवारी आमच्या दैनिकात हवेच्या दाबाचा नकाशा सुरू झाला आणि त्याच दिवशी बुलढाणा शहरावर कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला. तो तीन आठवडे हलला नाही.

कचेरी मलकापूरला होती. संपादकांनी तालुक्याच्या वार्ताहरांना एकेक दाबमापक दिला होता. सकाळी साडेआठला ते आकडे ग्रुपवर टाकत आणि समान दाबाची गावं मी रेषेने जोडत असे. मलकापुरात काटा नऊशे पंच्याऐंशी मिलिबारच्या आसपास, बुलढाण्यात नऊशे बेचाळीसच्या. एवढा दाब समुद्रावर मोठ्या वादळातच उतरतो, हे मी पुस्तकातून शोधून चौकटीत छापलं. दुपारी चारला ते पुन्हा आकडे टाकत. त्या सुमारास दाब रोज, सगळीकडेच, थोडा उतरतो. आम्ही रोज ‘दाब आणखी घसरला’ अशी ताजी बातमी देत होतो.

चौथ्या आठवड्यात बुलढाण्याचा एक मंडपवाला टेम्पो घेऊन आला. लॉनवरच्या एका लग्नाचं काम त्याच्याकडे होतं. मुलीचा बाप आमचा नियमित वाचक होता आणि लग्न मलकापूरच्या हॉलमध्ये हलवायला निघाला होता.

“साहेब, तीन हप्ते झाले, तुमचं वादळ आमच्या डोक्यावर उभं हाये,” तो म्हणाला. “झाडाचं पान हाललं नाही.”

यंत्र खोटं बोलत नाही, असं संपादकांनी सांगितलं. मग ते यंत्रच खाली आणून पाहू, असं तो म्हणाला. संपादकांनी मला सोबत पाठवलं.

परतताना बुलढाण्याचा दाबमापक माझ्या मांडीवर होता. राजूर घाटात काटा चढू लागला. मोताळ्यात आणखी चढला. संपादकांच्या टेबलावर दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली, तेव्हा दोन्ही काटे एकाच आकड्यावर होते.

“म्हणजे घाट उतरला का वादळ खतम?” मंडपवाल्याने विचारलं.

उंचीवर दाब कमीच असतो. नकाशा काढण्यापूर्वी प्रत्येक आकडा समुद्रसपाटीच्या हिशेबात आणावा लागतो. हे त्याच पुस्तकात पुढच्या पानावर होतं.

आमच्याकडे चुकीची दुरुस्ती छापायची पद्धत नव्हती. घटनाच पुढे सरकवायची पद्धत होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा आला: ‘बुलढाण्यावरील कमी दाबाचा पट्टा अखेर विरला’. श्रेय आमच्या सततच्या पाठपुराव्याला होतं. मुलीच्या बापाने तो वाचला आणि मंडपवाल्याला फोन केला.

लग्न बुलढाण्याच्या लॉनवर, त्याच्याच मांडवात झालं. परत मिळालेल्या दाबमापकाचा आकडा बुलढाण्याच्या वार्ताहराने त्या सकाळी तिथूनच पाठवला. नऊशे बेचाळीस.