शेगडी पेटवायची राहिली

आमची बिल्डिंग पाडायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या बायकोला झाला. मुलुंड पूर्वेची ती लिफ्ट नसलेली तीन मजली इमारत, आणि आम्ही अगदी वर. "गुडघे संपायच्या आत मला लिफ्ट बघायची आहे," असं ती सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकवायची. बिल्डरच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी तिने घरी शिरा केला होता. मी मागच्या खुर्चीत बसून कुरकुर करणारा माणूस. नवी इमारत उभी राहीपर्यंत साठीच्या तोंडावर भाड्याच्या घरात राहायचं, ही कल्पनाच मला झेपत नव्हती. ते घरही तिनेच शोधलं, नाहूरला, नवव्या मजल्यावर. मी एकदा जाऊन बघून आलो आणि "ठीक आहे" म्हणालो.

"तुझं ठीक आहे म्हणजे आवडलं, असं मी धरते," ती म्हणाली आणि पुठ्ठ्याचे खोके आणायला गेली.

शनिवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. बाकीची बिऱ्हाडं एकेक करून गेली होती. कुणी ठाण्याला, कुणी डोंबिवलीला, समोरच्या वहिनी मुलाबरोबर कांदिवलीला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो तो आपापल्या नव्या खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचे फोटो टाकत होता. आम्ही तेवढे शेवटपर्यंत राहिलो होतो, कारण बायकोने कॅलेंडर बघून शुक्रवार ठरवला होता. इमारतीत आम्ही दोघंच आहोत हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मंगळवारी संध्याकाळी कळला.

ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी बाहेर पुस्तकांचा खोका बांधत होतो. "जबडा दुखतोय रे," ती आतून म्हणाली. मी म्हटलं, दाढ असेल. थोड्या वेळाने म्हणाली, "ॲसिडिटी झाली वाटतं, सकाळपासून धड खाल्लं नाही." मी पाणी घेऊन आत गेलो तर तिचा ब्लाऊज घामाने भिजलेला आणि चेहरा राखेसारखा. हातातली बशी तिने अजून सोडली नव्हती. "काहीतरी वेगळं होतंय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मी कधी न ऐकलेली भीती होती.

मी धावत बाहेर गेलो आणि समोरचं दार बडवायला लागलो. "वहिनी! अहो वहिनी!" तीस वर्षांत त्या दाराची बेल आम्ही फारशी वाजवलीच नव्हती. दारावर हात मारायचा, हाक द्यायची, आणि वहिनी पदराला हात पुसत यायच्या. साखरेपासून मुलाच्या तापापर्यंत सगळ्याला तोच उपाय. मी चार-पाच वेळा दार बडवलं असेल. आतून माझाच आवाज घुमून परत आला, तेव्हा मला कडीला लटकणारं कुलूप दिसलं. नावाची पाटी काढून नेली होती, तिच्या स्क्रूची भोकं तेवढी उरली होती. रविवारी मीच त्यांचा टीव्ही उचलून खाली टेम्पोत ठेवला होता.

ॲम्ब्युलन्सला फोन लावला, तो लागेना. मग मी तिला धरून जिना उतरवला. डॉक्टर नंतर यावरून मला बरंच बोलले, पण तेव्हा दुसरं सुचत नव्हतं. प्रत्येक मजल्यावर ती पायरीवर टेकायची आणि मी सवयीने दोन्ही बाजूंच्या दारांकडे बघायचो. सगळीकडे कुलपं. खाली गेटवर बिल्डरचा नवा वॉचमन होता. तो आम्हाला ओळखत नव्हता, पण पळत जाऊन त्याने रिक्षा आणली.

हृदयाची एक मोठी नस जवळजवळ बंद झाली होती. लगेच स्टेंट टाकावा लागेल, सही करा, असं सांगून तिला आत नेलं. नर्सने तिचं मंगळसूत्र काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "काका, सांभाळा. बरोबर कोण आहे तुमच्या?" मी म्हटलं, येताहेत. कोण येणार होतं कुणास ठाऊक. मंगळसूत्र मी शर्टाच्या खिशात टाकलं आणि तिच्या चपला मांडीवर घेऊन बसलो. बाकीच्या पेशंटांची माणसं घोळक्याने बसली होती, डबे उघडत होती, एकमेकांवर खेकसत होती. मला त्यांचा हेवा वाटला. खेकसायला तरी कुणीतरी लागतं.

मुलगा कॅनडात असतो. त्याला फोन केला. "मी येऊ का बाबा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नको, स्टेंट व्यवस्थित बसलाय, काळजी नको." त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा नको म्हटलं, आणि त्याने ते मानलं. फोन ठेवल्यावर मला त्याचा इतका राग आला! मीच नको म्हणालो होतो, तरी आला. तिसऱ्यांदा विचारलं असतंस तर "ये" म्हणालो असतो रे, असं मनात म्हणत मी कॉफीच्या मशीनसमोर उभा होतो. ग्रुपवर मी काहीच टाकलं नाही. जोडलेल्या हातांची रांग लागली असती आणि त्या प्रत्येक हाताला उत्तर द्यावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत तिला भेटायला सोडलं. नाकात नळी, हाताला सुई, पण डोक्यात शुक्रवारच.

"सामान हलव," ती म्हणाली.

"वेड लागलंय का? मी बिल्डरला फोन करतो, आठवडाभर थांबेल तो."

"आणि मला घरी कुठे नेशील? ते तीन जिने मी आता चढणार नाही. शुक्रवारीच हलव. आधी देव ने. आणि गेल्या गेल्या दूध उतू घाल."

"ते तू आल्यावर."

"मी कधी येते कुणाला माहीत," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. ती थकून बोलली होती, एवढंच. पण बाहेर आल्यावर डॉक्टरही म्हणाले, की पुढचे काही दिवस लक्ष ठेवायला लागेल, आत्ताच काही सांगता येत नाही. दोघांची वाक्यं माझ्या डोक्यात एकाला एक चिकटून बसली.

शुक्रवारी टेम्पो आला. हमालांनी आमचा संसार दुपारपर्यंत खाली नेला. भिंतीवर कपाटाच्या, फोटोंच्या, कॅलेंडरच्या जागा तेवढ्या उजळ दिसत होत्या. देव मी तिच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले. मी देवधर्म करणारा नाही. तिच्या उपासांची, मुहूर्तांची मी जन्मभर थट्टा केली. तरी टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून तो डबा मी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला ड्रायव्हरला "हळू रे" म्हणत होतो.

नव्या घरात हमालांनी सामान ठेवलं, चहापाण्याचं घेतलं आणि गेले. मग गॅसवाला आला, शेगडी जोडली आणि खिशातून लायटर काढला.

"पेटवू नकोस!" मी ओरडलोच.

तो दचकला. "काका, चेक नको करायला?"

"साबणाच्या पाण्याने बघ. पेटवायचं नाही."

त्याने नळीला फेस लावून बघितलं, माझ्याकडे एक नजर टाकली आणि गेला. मी दार लावलं आणि त्या शेगडीसमोर उभा राहिलो. दुधाची पिशवी आणली होती, पातेलंही वरच्याच खोक्यात होतं. पण हात पुढे जाईना. नव्या घरात पहिली शेगडी पेटते ती दोघांच्या संसाराची. ती मी एकट्याने पेटवली, तर या घरात एकटं राहायला मी कबूल झालो असं होईल, असं मला वाटलं. हा मूर्खपणा आहे हे कळत होतं. तसलं काही मानणाऱ्या बायकोला मी हसत आलो होतो. पण त्या दुपारी मी खूप घाबरलेलो होतो, आणि पिशवी तशीच फ्रिजमध्ये ठेवून मी चहा प्यायला खाली टपरीवर गेलो.

संध्याकाळी तिने पहिला प्रश्न तोच विचारला.

"दूध उतू घातलंस?"

"हो."

"नुसतं वर आलं, की सांडलं?"

"सांडलं."

"पुसलंस का मग? कशाने?"

"फडक्याने."

"कुठलं फडकं? फडकी तर चादरींच्या खोक्यात आहेत."

"अगं सापडलं एक," मी म्हणालो. तिचं समाधान झालं. इतकी वर्षं या बाईला माझं एकही खोटं पचलेलं नाही आणि हे मात्र पचलं, यावरून ती किती आजारी आहे ते मला कळलं.

शनिवारी मी बिल्डरच्या माणसाला किल्ल्या दिल्या. त्याच दिवशी तिच्या हृदयाचे ठोके मधेच चुकायला लागले. वॉर्डात आणायचं ठरलेलं रद्द झालं आणि मला पुन्हा बाहेरच्या खुर्चीत बसवलं. औषध बदललं, थांबा म्हणाले. मी थांबलो.

रविवारी दोन भेटींच्या मधे अंघोळीला घरी आलो. घर कसलं, खोक्यांचं गोदाम. खोक्यांमधून वाट काढून खिडकीशी गेलो. खाली हायवे, पलीकडे मिठागरं, ऊन. खरं तर छान होतं. फोटो काढून ग्रुपवर टाकावा असं होतं. मुलुंडच्या घरात कुकरची कुठली शिट्टी आपली आणि कुठली शेजारची हे सांगता यायचं नाही, इथे भिंतीतून काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. समोरच्या फ्लॅटच्या दारावर कॅमेऱ्याची बेल होती आणि चपलांचं बंद कपाट. आत कोण राहतं हे मला माहीत नव्हतं. मला इथे काही झालं तर मी कुणाचं दार बडवायचं, असा विचार आला, आणि ती नसली तर हा विचार मला रोज करावा लागेल हेही लगेच कळलं. मी अंघोळ न करताच हॉस्पिटलला परत गेलो.

रोज सकाळी मात्र मी दूध आणत होतो. लग्न झाल्यापासून सकाळचं दूध माझ्याकडे. इथेही गेटजवळच्या दुकानातून अर्ध्या लिटरची पिशवी घ्यायची, वर आणून फ्रिजमध्ये ठेवायची, आणि खाली टपरीवर चहा. आपण काय करतोय असं मी स्वतःला विचारलंही नाही.

पुढच्या आठवड्यात ठोके ताळ्यावर आले. दोन दिवस वॉर्डात ठेवून एका दुपारी तिला सोडलं. ती हलकी झाली होती, माझ्या हातावर तिचं वजन लागत नव्हतं. लिफ्टमध्ये शिरल्यावर तिने माझा हात बाजूला केला आणि नवाचं बटन स्वतः दाबलं. दार उघडून मी खिशातलं मंगळसूत्र तिला दिलं. तिने माझ्या शर्टाकडे निरखून बघितलं.

"हा शर्ट तू काढलाच नाहीस का?"

"हे खिशात होतं ना. हरवलं असतं."

"तरीच वास येतोय," ती म्हणाली. मग भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेली आणि मी अडवायच्या आत तिने फ्रिज उघडला.

आत एका ओळीत दुधाच्या पिशव्या होत्या. दुसरं काहीच नव्हतं. तिने एक पिशवी काढून बघितली, दुसरी काढली. मग मान वळवून शेगडीकडे पाहिलं. बर्नर कोरडे, ओटा कोरडा, हमालांनी सोडलेल्या दोरीचा तुकडा अजून तिथेच.

"लायटर कुठंय?"

"सापडला नाही," मी म्हणालो.

मी तिला खुर्ची आणून दिली. आधी देव, असं तिने खुणेनेच सांगितलं. मी डबा उघडून साडी सोडली आणि देव कोपऱ्यातल्या फळीवर ठेवले. तिने पिशव्यांवरच्या तारखा वाचून सगळ्यांत ताजी निवडली, बाकीच्यांचं पनीर करू म्हणाली. देवांच्या सामानातल्या काडेपेटीने मी शेगडी पेटवली. पहिली काडी विझली. दूध ठेवलं आणि तिच्या खुर्चीला लागून उभा राहिलो.

"आणि मी आलेच नसते तर?" ती पातेल्याकडे बघत म्हणाली.

इतक्या दिवसांत हे वाक्य कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"तर काय, जन्मभर टपरीवरचा चहा प्यायला असतास. गाढवा!"

त्या "गाढवा"ला मला रडू आलं. खुर्चीची पाठ घट्ट धरून मी रडत राहिलो आणि ती मला रडू देत होती. दूध कडेने फुगायला लागलं, वर आलं. इतक्या वर्षांच्या सवयीने माझा हात गॅस बंद करायला गेला, तसं तिने माझं मनगट धरलं.

"थांब. सांडू दे."

दूध पातेल्याच्या काठावरून शेगडीवर आलं, शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली टपकायला लागलं, तरी तिने मनगट सोडलं नाही.