उलट्या पिळाची गुंडाळी

गोमा विकला गेला असं म्हणताना तुमची जीभ जराही अडखळत नाही का हो? विकला गेलेला माणूस पौषाच्या थंडीत रस्त्यावर उताणा पडून, कोपरापर्यंत काळा होऊन, दोन तास आपल्याच गाडीचा सेल्फ-स्टार्टर खोलत बसतो होय? कडावच्या नाक्यावर चहा फुंकत तुम्ही बोललात, ते त्याच्या कानावर गेलं. आता त्या सकाळी काय झालं ते नीट ऐका. मग तोंड उघडा.

गोमा शाळेत दुसरीपलीकडे गेला नाही. लढाईच्या वर्षांत देवळालीला लष्कराच्या वर्कशॉपात पाने-पकडी पुसायला लागला आणि पुसता पुसता गाड्या खोलायला शिकला. परत आला तो मोडीत काढलेली एक जीप घेऊन. सांगाडाच होता तो. वर्षभर खपून त्याने ती चालती केली. कशेळ्याच्या वरची एखादी बाळंतीण अडली, की माणूस धावत यायचा तो गोमाकडे. बंद गाडीपाशी उभा राहिला की त्याची बडबड सुरू व्हायची, "सेल्फ टक करून गप बसला तर एक दुखणं, नुसता फिरत राहिला तर दुसरं. मुळीच बोलला नाय तर करंट वाटेत कुठं अडलाय ते हुडकायचं. घाई करायची नाय."

वायरींच्या सांध्यांना चिखलपाणी लागू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या तो घट्ट गुंडाळायचा आणि शेवटी पीळ देऊन टोक आत दडपायचा. "माझी गुंडाळी पावसाच्या बापाला सुटायची नाय," म्हणायचा. घमेंड होतीच. हातात कसब असलेल्या माणसाला ती असते.

त्याच्या हाताखाली तयार झाला धाकलू, त्याच्या बायकोचा, मैनाचा, पाठचा भाऊ. गोमाने त्याला स्टिअरिंगवर बसवलं, लायसन काढून दिलं. "दाजी, दाजी" करत सावलीसारखा मागं असायचा.

आता तारखेचं. कुळकायदा आला, कसेल त्याची जमीन झाली, कागदावर. आपली म्हातारी सोनुबाई आणि आणखी सहा जण ज्या खाचरांत जन्मभर चिखलात उभे राहिले, ती त्यांनी कधी कसलीच नाहीत, असं मालकाने लिहून दिलं. मालक म्हणजे तुमचं भात भरडतो तोच गिरणीवाला शेट. खालच्या कचेरीत निकाल विरुद्ध गेला. वरचं अपील पनवेलला, प्रांतांपुढे. दोन तारखा हुकल्या होत्या. तिसऱ्या तारखेला अकरा वाजता हजर नसाल तर अपील निकाली, म्हणजे फेटाळलं, असा कागद आला. गोमा म्हणाला, "सातीच्या साती मानसांना मी नेतो. गाडीला काय झालं तर माझं नाव लावू नका."

शेटची माणसं गाडीला हात लावतील ही धास्ती होतीच. म्हणून आदल्या रात्री जीपमध्ये झोपायला त्याने घरचंच माणूस ठेवलं. धाकलूला.

सकाळी सहाला माणसं गाडीत बसली. सोनुबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, पदरात भाकरी बांधलेली. गोमाने पायाने सेल्फचं बटण दाबलं. काही नाही. टक सुद्धा नाही. हॉर्न दाबला, मुका. दिवे नाहीत.

"थंडीनं आखडली आसंल," धाकलू म्हणाला. "दाजी, धक्का मारू." आणि हाक देऊन वीस-पंचवीस माणसं त्यानेच गोळा केली. ढकलताना सगळ्यांत पुढं तोच. नाक्यापर्यंत गाडी ढकलली, परत आणली. इंजिन खोकलंसुद्धा नाही.

सोनुबाई म्हणाली, "गोमा, नवाची यष्टी हाय रं. तिनं कर्जत गाठू, फुडं बघू."

"यष्टीनं एक वाजंल, आये. बस तू. धा मिनिटांत चालू करतो."

कर्जतहून दुसरं वाहन मिळालं असतं; ही चूक गोमाची. ती लपवायचं कारण नाही.

त्याने पाना घेतला आणि बॅटरीच्या दोन्ही बोंडांना क्षणभर टेकवला. जाड निळी ठिणगी उडाली. म्हणजे बॅटरीत दम होता. बोंडांवरचे चिमटे घट्ट, कडक. मग पायाच्या बटणाखालची दोन टोकं पकडीने जोडली, म्हणजे बटण खराब असलं तरी सेल्फ फिरायला हवा. नाही फिरला. "सेल्फच बसला," असं म्हणून त्याने खाली घुसून तो खोलला. कार्बन घासले, तांबं पॉलिशपेपरने लख्ख केलं, पुन्हा चढवला. बटण दाबलं. गाडी मुकी ती मुकीच.

खरं तर दिवे आणि हॉर्नही बंद, म्हणजे दुखणं एकट्या सेल्फचं नव्हे. एरवी दुसऱ्याच्या गाडीत त्याने हे पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं. बॅटरीतून चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जाणारी अर्थिंगची पट्टी आधी बघितली असती; ती सुटली की सगळाच करंट बंद. पण आपल्या गाडीत ती त्याच्या हातच्या गुंडाळीखाली होती. आपल्याच हाताला कोण तपासतं?

एव्हाना नऊची एस.टी. धूळ उडवत निघून गेली होती.

शेवटी तो त्या पट्टीपाशी आला. गुंडाळी घट्ट, टोक आत दडपलेलं. बोट फिरवलं आणि थांबला. पीळ उलटा होता.

आपल्याकडे भाताचा भारा बांधताना पेंढ्याचा बंद वळतात, तो सगळे उजव्या अंगाला वळतात. गोमाची गुंडाळीही तशीच. पण मैनाच्या माहेरी, तिच्या बापाच्या घरात, सगळे डावखुरे. त्यांचा बंद डावीकडे वळतो. खळ्यात त्यांचा भारा दुरून ओळखू येतो, आणि त्यावरून दर सुगीला त्यांची थट्टा होते.

गोमाने सगळ्यांच्या देखत गुंडाळी सोडली. आतला बोल्ट काढून नेलेला. पट्टीचं टोक आणि चासी यांच्यामध्ये करंट अडवायला ट्यूबचा तुकडा सरकवून वरून साळसूदपणे बांधून ठेवलेलं. भोवती वीस-पंचवीस माणसं वाकून बघत होती.

"धाकल्या," गोमा हळू म्हणाला, "भारा बांधतोस तसाच बांधलास रं."

"काय बोलता, दाजी? मी कशाला..."

"हात दाखव."

धाकलूने हात पाठीमागं नेले. डाव्या अंगठ्याच्या नखात काळं रबर होतं, हे पुढच्या दोघांनी बघितलं. "हात दाखव म्हटलं की नाय तुला!" गोमा ओरडला, तेव्हा धाकलू मागं सरत सरत वळला आणि चालू लागला. धावला नाही. तेच गोमाला जास्त लागलं. धावला असता तर निदान लाजला असं वाटलं असतं.

दुसरा बोल्ट लावायला चार मिनिटं लागली. पहिल्याच दाबाला इंजिन गरजलं. वाटेत सोनुबाईने गोमापुढे भाकरी सोडली. "खा रं. उपाशी कितीक भांडशील?"

पनवेलला पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. तीनदा पुकारा होऊन गेला होता. शिपाई म्हणाला, "आजी, निकाली झालं." तिने विचारलं, "निकाली म्हंजे आमच्या बाजूनं का?" त्यावर गोमा कचेरीच्या पायरीवर बसला आणि काळ्या हातांत तोंड घालून रडला.

आठवड्याने धाकलू शेटच्या गिरणीच्या नव्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून दिसला. आणि त्याच आठवड्यात गावात बोलणं सुरू झालं, की गोमानेच गाडी बंद पाडली, एस.टी.ने जाणाऱ्या म्हातारीलाही त्यानेच थांबवलं. गोमा उलटून एक शब्द बोलला नाही. बायकोच्या भावाचं नाव कचेरीत कसं द्यायचं? दारात जीप उभी, आणि तो तिला हात लावीना.

शेवटी मैनाच उसळली. "माझा भाव हाय म्हनून गप बसलाव ना? मग तुमच्यासाटी मी कोन हाय? त्यानं तुमाला बुडवलं, त्या म्हातारीला बुडवलं. लिवा त्याचं नाव. खाली आंगठा मी देते."

तिने तो दिला. अपील पुन्हा उघडा, हजर न राहण्याला आमचा दोष नव्हता, असा अर्ज पनवेलला गेला आहे. त्यात सोनुबाईचं म्हणणं आहे, मैनाचं आहे, ती ट्यूबची पट्टी कागदात बांधून जोडली आहे. पण साहेब विचारतात, गुंडाळी सोडताना बघणारा परका माणूस कुठाय? घरच्यांची आणि अर्जदारांची साक्ष पुरत नाही.

परके तुम्ही आहात. त्या दिवशी जीपला खांदा लावणारे वीस-पंचवीस. बोल्ट नसलेलं भोक तुम्ही बघितलंत, धाकलूचं नखही दोघांनी बघितलं. आता तुमचं भात त्या गिरणीत जातं म्हणून तोंडं शिवलीत, आणि ती उघडता तेव्हा गोमाला शिव्या घालायला. सोनुबाईच्या खाचरात येत्या पावसाळ्यात कुणाचा नांगर चालणार हे त्या साक्षीवर ठरणार आहे. पुढच्या मंगळवारी कर्जतला अर्जनविसाच्या टेबलापाशी गोमा आणि मैना दिवसभर बसणार आहेत. निदान दोघं तरी या, हवं तर तोंड झाकून या, पण जे डोळ्यांनी बघितलं तेवढं लिहून त्याखाली अंगठा द्या.